अणूतल्या चार तारा

परीक्षक नवीन होते आणि वेळेचे पक्के होते. त्यांनी साडेनऊ म्हटलं होतं, म्हणून विज्ञानाच्या बाई सव्वानऊलाच प्रयोगशाळेच्या कोपऱ्यातल्या स्टुलावर जाऊन बसल्या होत्या. अंध मुलामुलींच्या त्या निवासी शाळेत बाई तेवीस वर्षं विज्ञान शिकवत होत्या. इतकी वर्षं शेवटच्या वर्गाची परीक्षा एकाच पद्धतीने व्हायची. मुलं उत्तरं सांगायची, लेखनिक लिहून घ्यायचा आणि पेपर तपासायला बाहेर जायचे. या वर्षी मंडळाने पहिल्यांदाच तोंडी परीक्षेला माणूस पाठवला होता. बाईंना त्याची काही धास्ती नव्हती. वर्गात सातच मुलं होती आणि विषय होता अणूची रचना, म्हणजे बाईंचा हातखंडा.

त्यांच्या मागच्या फळीवर अणूच्या तीन प्रतिकृती होत्या. बावीस वर्षांपूर्वी बाईंनी शाळेच्या सुतारकाकांना हाताशी धरून त्या बनवून घेतल्या होत्या. पहिली नुसती गुळगुळीत लाकडी गोळी, अणू फुटतच नाही असं लोक मानायचे त्या काळातली. दुसरी स्पंजाची, कलिंगडात बिया असाव्यात तसे तिच्यात काचेचे मणी रुतवलेले. त्या बिया म्हणजे इलेक्ट्रॉन. आणि तिसरी बाईंची लाडकी. मधोमध शिशाची गोळी, ते केंद्रक. तिच्याभोवती तारेची तीन कडी, कड्यांवर मणी, आणि ती कडी जागच्या जागी राहावीत म्हणून गोळीपासून बाहेर गेलेल्या चार ताठ तारा. इतक्या बोटांनी ती चाचपली होती की मण्यांवरचा रंग उडून गेला होता.

पहिला नंबर चिमणीचा होता. सोळा वर्षांची ही मुलगी झोपेतही बोलते असं वसतिगृहातल्या मावशी सांगायच्या.

"केंद्रकात काय काय असतं?" परीक्षकांनी विचारलं.

"प्रोटॉन आणि न्यूट्रॉन."

"इलेक्ट्रॉन कुठे असतो?"

"बाहेर. केंद्रकाभोवती फिरतो."

"मग तो निघून का जात नाही?"

"विद्युत आकर्षणामुळे. केंद्रक धन, इलेक्ट्रॉन ऋण, म्हणून."

बाईंनी मनातल्या मनात तिची पाठ थोपटली. परीक्षकांनी काहीतरी लिहिलं आणि पेन थांबवलं.

"आता समज, तुझं बोट इतकं बारीक झालं की ते अणूच्या आत शिरलं. केंद्रकावरून ते हळूहळू इलेक्ट्रॉनकडे न्यायचं. वाटेत काय लागेल?"

"तार," चिमणी म्हणाली.

बाईंना हसू आलं. पोरगी परीक्षेतही थट्टा सोडत नाही, असं त्यांना वाटलं.

"कसली तार?"

"आतली. चार असतात ना. बाहेरच्या कड्यांपेक्षा जाड असतात जरा." आपल्या घराला खोल्या किती हे सांगावं, तितक्या सहज तिने सांगितलं.

"आणि ते आकर्षण म्हणालीस, ते कुठून येतं?"

"त्या तारांमधूनच की, सर. तारेशिवाय वीज कशी जाईल?"

बाईंच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी थिजलं. परीक्षकांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि दुसऱ्या मुलाला बोलावलं. प्रश्न तोच. उत्तरही तेच. तिसऱ्याने तेच सांगितलं. चौथी म्हणाली, मोठ्या अणूंमध्ये चारच्या आठ होत असतील, नाहीतर एवढी कडी पेलणार कशी. पाचव्याला जाडीबद्दल खात्री नव्हती, संख्येबद्दल होती. सहावा मुलगा एरवी तोंडातून शब्द काढायचा नाही. तो बराच विचार करून म्हणाला, "तारच. पण सोन्याच्या अणूत ती सोन्याची असते."

सातव्या मुलीची पाळी आली तेव्हा बाईंनी स्टुलाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली होती.

मुलं गेल्यावर परीक्षकांनी पेनाला टोपण लावलं. माणूस वाईट नव्हता. आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "बाई, तुम्ही असं शिकवलंय?"

"नाही," बाई म्हणाल्या. मग म्हणाल्या, "हो. तोंडाने नाही शिकवलं. हाताने शिकवलं."

परीक्षक गेले. बाईंनी तिसरी प्रतिकृती टेबलावर घेतली, डोळे मिटले आणि तिच्यावर हात ठेवला. बावीस वर्षांत हे त्यांनी एकदाही केलं नव्हतं. डोळ्यांना त्या प्रतिकृतीत गोळी दिसायची, मणी दिसायचे. तारा दिसायच्या, पण त्यांच्याकडे लक्ष जायचं नाही. भिंतीवरचं चित्र बघताना खिळ्याकडे कोण बघतं? हाताला मात्र सगळ्यात आधी तारच लागली. मग दुसरी तार. बोटं मण्यापर्यंत पोचायची तर तारेवरूनच जावं लागत होतं. दुसऱ्या कुणी बनवलेली वस्तू असती तर त्यांनी तिथल्या तिथे नापास केली असती.

तशाच त्या ती प्रतिकृती घेऊन सुतारकाकांच्या कामाच्या खोलीत गेल्या. काका रंधा मारत होते.

"काका, या तारा काढून टाकता येतील?"

काकांनी चष्मा कपाळावर चढवून पाहिलं. "येतील. मग कडी खाली पडतील."

"तारांशिवाय उभी राहतील असं काही?"

"बाई, अधांतरी टेबल आजवर कुणी माझ्याकडून करून नेलेलं नाही," काका म्हणाले. मग त्यांचा चेहरा बघून त्यांनी रंधा बाजूला ठेवला. "काय झालं?"

बाईंनी सांगितलं. काकांनी एका तारेवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "मला पण तारा खऱ्याच वाटत होत्या. मी म्हटलं, तुम्ही मापं दिलीत म्हणजे असतील."

बाईंना शाळेत थांबवेना. त्या तडक भावाकडे निघाल्या. धाकटा भाऊ शाळेपासून दोन रस्ते सोडून राहायचा. जन्मापासून दिसत नसे त्याला. पियानो दुरुस्त करायचा, सुरात लावून द्यायचा, आणि त्या कामात त्याचं नाव होतं. लहानपणी त्याला मोकळ्या जागेची भयंकर भीती. भिंत सोडून चार पावलं टाकायला सांगितलं की रडायचा. त्याच्यासाठीच ताईने हे शिक्षण घेतलं, ही नोकरी धरली. प्रतिकृती तयार झाली तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. ताईने ती आधी त्याच्या हातात दिली होती. तासभर चाचपून तो म्हणाला होता, "आता कळलं." त्या दोन शब्दांवर विसंबून बाईंनी पुढची बावीस वर्षं शिकवलं होतं.

तो एका उघड्या पियानोवर वाकून काम करत होता. पावलांवरून त्याने ओळखलं.

"ताई, आज मधल्या वेळेतच? बस. चहा ठेवू का?"

"नको. एक सांग. अणूच्या केंद्रकावरून इलेक्ट्रॉनकडे बोट नेलं तर वाटेत काय लागतं?"

"तार," तो हातातलं काम न थांबवता म्हणाला.

बाई खाली बसल्या. तिथे खुर्ची होती हे नशीबच. मग त्यांनी त्याला सगळं सांगितलं. परीक्षा, सात मुलं, सात उत्तरं. तारा नसतात, त्या फक्त आधाराला होत्या. त्याचे हात थांबले.

"मग मध्ये काय असतं?"

"काही नाही."

"हवा?"

"हवासुद्धा अणूंचीच असते. अणूच्या आत हवाही नाही."

"पोकळी म्हणतेस? किती?"

"टाचणीचं डोकं केंद्रक धरलंस, तर अणूची कड पन्नास मीटरवर येते. सगळ्या बाजूंनी. तेवढ्या जागेत थोडेसे इलेक्ट्रॉन, आणि त्यांना वजन जवळजवळ नाहीच."

त्याने पियानोच्या लाकडावरचा हात चटका बसल्यासारखा उचलला. मग परत ठेवला. दाबून पाहिला.

"हे मग काय आहे माझ्या हाताखाली?"

"लाकूडच आहे. लाकडातले इलेक्ट्रॉन तुझ्या हातातल्या इलेक्ट्रॉनांना जवळ येऊ देत नाहीत. ते लोटणं तुला घट्ट लागतं."

"म्हणजे हात टेकतच नाही?"

"तू समजतोस तसा नाही टेकत."

बाहेरच्या रस्त्यावर कुणीतरी दुकानाचं शटर ओढलं. मग तो सावकाश म्हणाला, "ताई, तुम्हा लोकांचं ठीक आहे. तुम्ही बघता. हात खोटा निघाला तर डोळे आहेत. माझ्याकडे दुसरं काय आहे? मला वाटायचं, आत सगळं बांधलेलं आहे. म्हणून तर मी रस्त्यावर पाऊल टाकायला शिकलो."

"हे तू मला कधी बोलला नाहीस."

"तू कधी विचारलं नाहीस. आता जा. उद्या ये. नको, उद्या नको. मी बोलवीन तेव्हा ये."

एक्केचाळीस वर्षांत त्याने तिला पहिल्यांदाच घराबाहेर काढलं होतं. बाई जिना उतरून रस्त्याला लागल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मंडळाला पत्र लिहिलं. चूक माझी आहे, मुलांची नाही, त्यांचे गुण कापू नयेत. मग जुनी हजेरीपुस्तकं काढून त्या कार्यालयातल्या फोनपाशी बसल्या. तेवीस वर्षांत एकशे एकसष्ट मुलं हाताखालून गेली होती. पस्तीस-चाळीस जणांचे नंबर मिळाले. मुख्याध्यापकांना हे अजिबात पटलं नव्हतं. "अहो, कुणाचं काही अडलंय का त्या तारांमुळे?" ते म्हणाले. "झाकली मूठ राहू द्या ना." बाईंनी त्यांच्यासमोरच पहिला नंबर फिरवला.

एक जण मालिश करायचा. तो खो खो हसला. "बाई, मी रोज लोकांच्या पाठी रगडतो. मला तर त्या तारा हाताला लागतात." एक मुलगी आता दोन पोरांची आई होती. ती म्हणाली, "मागच्याच आठवड्यात मुलाला तारा सांगितल्या मी. त्याला दिसतं, बाई. तो म्हणाला, पुस्तकात तसं नाहीये. मी त्याला रागावले." बाईंनी तिची माफी मागितली. तिने माफ केलं की नाही ते कळलं नाही, फोन बंद झाला.

दुपारपर्यंत असे अठरा फोन झाले. एकोणिसावा शंकासुराचा. वर्गात हा मुलगा एकही वाक्य सरळ गिळायचा नाही, प्रत्येकाला फाटा फोडायचा, म्हणून बाईंनीच त्याला ते नाव दिलं होतं. आता तो एका कॉलेजात गणित शिकवत होता. बाईंनी पाठ झाल्यासारखं सगळं सांगितलं.

"माहीत आहे, बाई," तो म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"तारा नसतात ते. कॉलेजच्या पहिल्याच महिन्यात कळलं. मी वर्गात सगळ्यांसमोर बोललो. हसले सगळे."

बाईंनी हजेरीपुस्तकावरचं साल पाहिलं. "चौदा वर्षं झाली त्याला."

"हो."

"आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"सांगायला आलो होतो. तुम्ही नव्या मुलांच्या हातात ते मॉडेल देत होतात. मी दारात उभा होतो. तुमचा आवाज इतका आनंदात होता, बाई, की माझी जीभ रेटेना. वाईट वाटेल तुम्हाला, असं वाटलं. मुकाट्याने परत गेलो."

चौदा वर्षं. दरवर्षी सहा-सात, कधी आठ. जवळजवळ शंभर मुलं. एका माणसाला माहीत होतं, आणि तो सगळ्यात जास्त प्रश्न विचारणारा मुलगा होता. रागाने बाईंनी हजेरीपुस्तक फटकन मिटलं.

पलीकडून तोच बोलला. "तुम्ही आम्हाला शिकवलंत ना, कुणी कीव करायला लागलं तर ऐकून घेऊ नका. मी तुमची कीव केली. मला ते आज कळतंय."

"शनिवारी शाळेत ये," बाई म्हणाल्या. "सकाळी आठला. मैदानावर."

शनिवारी सातही मुलं मैदानावर आली. परीक्षा संपली होती, गुणांचा प्रश्न नव्हता, तरी आली. शंकासुर पांढरी काठी टेकत आला. आणि आठला पाच मिनिटं असताना फाटकातून धाकटा भाऊ आत आला. शंकासुराची आणि त्याची जुनी ओळख, त्यानेच कळवलं होतं. बाईंशी तो बोलला नाही, भिंतीला धरून उभा राहिला.

मैदानाच्या मधोमध सुतारकाकांनी एक फळी ठेवली होती. तीत एकच टाचणी ठोकलेली. बाईंनी प्रत्येकाचं बोट तिच्या डोक्यावर ठेवलं.

"हे केंद्रक. आता माझ्याकडे पाठ करायची आणि सरळ चालायचं. मी थांबा म्हणेपर्यंत."

"दोरी धरायची का, बाई?" चिमणीने विचारलं.

"दोरी नाही. काहीच धरायचं नाही."

ती सात दिशांना चालत गेली. दहा पावलांवर एकजण थांबला. "अजून?" वीस पावलांवर चिमणी थांबली. "अजून, बाई?" चाळीस पावलांपुढे कुणी विचारेना. पन्नास मीटर झाले तेव्हा बाईंनी ओरडून थांबायला सांगितलं, आणि हाक पोचायला जो क्षण लागला, तेवढ्यात मुलांना काय ते कळलं. सहावा मुलगा, सोन्याच्या तारेवाला, होता तिथेच खाली बसला. दोन्ही तळवे जमिनीला लावून बघू लागला. दुसऱ्या एका मुलीने पाय आपटून पाहिला, एकदा, दोनदा.

"मधलं सगळं रिकामं?" ती लांबून ओरडली.

"सगळं."

मग शंकासुराने त्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. ठरवून नाही, ओळीने नाही. मनात येईल तेव्हा एकाने, एकदाच. कधी इकडून टाळी यायची, कधी तिकडून. "इलेक्ट्रॉन वर्तुळात फिरतो हेही आता कुणी मानत नाही," तो म्हणाला. "तो नेमका कुठे आहे हे सांगता येत नाही. कुठे सापडण्याची शक्यता जास्त, एवढंच सांगता येतं."

"आपल्याला दिसत नाही म्हणून?" चिमणीने विचारलं.

"नाही. कुणालाच."

"मग केंद्रक आहे हे तरी कसं कळलं?"

ते बाईंनी सगळ्यांना परत टाचणीपाशी बोलावून सांगितलं. शास्त्रज्ञांनी सोन्याच्या अतिशय पातळ पत्र्यावर बारीक कण मारले. अणू स्पंजासारखा भरलेला असता तर सगळे कण जेमतेम वळून पलीकडे गेले असते. जवळजवळ सगळे गेलेही. पण हजारांतला एखादा उलट मागे आला. ज्यांनी ते मोजलं त्यांचा स्वतःवर विश्वास बसला नाही. मग त्यांनी मानलं की आत कुठेतरी फार लहान, फार जड काहीतरी आहे.

"म्हणजे अनोळखी खोलीत खडा मारायचा आणि कुठून आवाज येतो ते ऐकायचं, तसं," चिमणी म्हणाली. "हे आम्ही रोज करतो."

"तसंच. आणि हे मैदानही खरं नाही, बरं का. टाचणीही नाही, टाळ्याही नाहीत. तारांपेक्षा कमी खोटं आहे, इतकंच."

भाऊ मधल्या काळात कधी भिंत सोडून आत आला ते बाईंना कळलं नव्हतं. तो मैदानाच्या कडेपासून बराच पुढे, मोकळ्यात उभा होता. काठी जमिनीला टेकलेली, मूठ पांढरी पडलेली.

"ताई, तू टाचणीपाशी आहेस?"

"हो."

"मला इथून हलवत नाहीये. तू ये."

बाई गेल्या. त्याने त्यांचा दंड धरला, सोडला, परत धरला. "लागतोयस तर," तो म्हणाला, आणि लगेच, "लागतेयस." बावरला की त्याची जीभ अशी घसरायची. ती दोघं तशीच फाटकापर्यंत चालत गेली. त्यानंतर तो पहिल्यासारखा रोज फोन करायला लागला. पण काम करता करता मध्येच आपला हात आपोआप उचलला जातो, असं तो अजून सांगतो.

मंडळाचं दोन ओळींचं उत्तर आलं: गुणांत बदल करता येणार नाही. सातही मुलांचे तीन-तीन गुण गेले. पास सगळी झाली. चिमणीने पुढे विज्ञानच घेतलं.

शाळा पुन्हा सुरू होण्याआधी बाईंनी प्रयोगशाळेचं दार लावून घेतलं आणि फळीवरची एकेक प्रतिकृती डोळे मिटून हातात घ्यायला सुरुवात केली. कानाची प्रतिकृती ठीक होती. ज्वालामुखीला एक बिजागरी होती, ती त्यांनी कागदावर लिहून ठेवली. मग हृदय आलं. प्लास्टिकचं, चांगलं मोठं, झडपा उघडता येतील असं. त्याच्या खालून बोटाएवढी लोखंडी दांडी निघून लाकडी पाटावर गेली होती. बाईंची बोटं त्या दांडीवर कितीतरी वेळ राहिली.

पहिल्याच दिवशी, पहिल्याच तासाला, त्या हृदय घेऊन आठवीच्या वर्गात गेल्या. या मुलांनी ते मागच्या वर्षी हाताळलं होतं.

"छातीत हृदय कशावर असतं?" त्यांनी विचारलं.

"दांडीवर," सगळा वर्ग एका सुरात म्हणाला. मागच्या बाकावरून एकाने भर घातली, "ती खाली पोटात रोवलेली असते, बाई."

बाई खुर्ची ओढून बसल्या. हातातलं हृदय त्यांनी बाजूला ठेवलं.

"बरं," त्या म्हणाल्या. "आता सगळ्यांनी आपापल्या छातीवर हात ठेवा."